गोधडीखालचा सामना

आमच्या घरात बाकी कशाचा तुटवडा असेल, संशयाचा नव्हता. दूधवाला पाणी घालतो हा आईचा संशय. आई साय काढून घेऊन उरलेल्या दुधाचा चहा करते हा आप्पांचा. आणि ती बाजूला काढलेली साय रात्री आप्पाच खातात हा माझा. आप्पांचा तर धंदाच संशयाचा होता. अंबडच्या एका कारखान्यात ते तपासणी विभागात होते. मशीनवरून उतरलेला प्रत्येक दांडा, प्रत्येक बुश त्यांच्या टेबलावर यायचा आणि मापाचं गेज लावून, उजेडात फिरवून, बोटानं चाचपून ते तो पास किंवा नापास करायचे. विधातेंनी पास केलेला माल पुढे कुणी परत मोजत नाही, असं आप्पा स्वतःबद्दल घरी वर्षातून चार वेळा तरी सांगत. आई म्हणायची, "कारखान्यात मोजा. घरात भाकरी मोजू नका."

या संशयी माणसाला एकच भाबडं वेड होतं, ते फुटबॉलचं. लहानपणी शरणपूर रोडकडच्या मिशनच्या शाळेत एका पाद्रीबाबांनी त्यांच्या पायाशी चेंडू टाकला आणि तो शेवटपर्यंत सुटला नाही. अख्खं नाशिक क्रिकेटच्या मागे असताना आप्पा शोधून शोधून फुटबॉलवाली माणसं गोळा करायचे. त्यातली टिकली ती दोन. एक कुरियन काका, त्याच कारखान्यात जुळणी विभागाचे फोरमन, कोट्टायमकडचे, पण नाशकात पंचवीस वर्षं काढून आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणारे. दुसरे खैरनार काका, फिटर, सटाण्याकडचे. खैरनार काकांना खेळातलं फार कळत नव्हतं, पण भांडणाला पंच लागतो आणि ते काम ते मनापासून करायचे.

भांडण एकच, सगळ्यात मोठा खेळाडू कोण. आप्पांचा देव म्हणजे पिवळ्या सदऱ्यातला जुना खेळाडू. त्याला त्यांनी खेळताना कधीच पाहिलं नव्हतं. पाद्रीबाबांनी सांगितलेल्या गोष्टी आणि पिवळ्या पडलेल्या कागदावरचा एक फोटो, एवढ्यावर त्यांची भक्ती उभी होती. कुरियन काकांचा देव निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बुटका. त्याला त्यांनी टीव्हीवर डोळे भरून पाहिलं होतं.

"विधाते, तुम्ही तुमच्या माणसाला एकदा तरी बघितलंय का?" कुरियन काका विचारायचे.

"काळारामाला तरी कुणी बघितलंय? रांग लागतेच ना?"

"आणि माझा?"

"तुमचा बुटका चोर आहे. हातानं गोल घालतो आणि वर हसतो."

"एक हातानं घातला. त्याच सामन्यात दुसरा अर्ध्या संघाला चुकवून घातला, तो तुम्ही सोयीनं विसरता."

"ज्यानं एकदा हात लावला, त्याचा दुसरा गोलसुद्धा मी गेज लावून बघीन."

मग खैरनार काका मिसळीतला रस्सा ओरपत आपल्या अहिराणीत निकाल द्यायचे, "दोन्ही मोठा शेत. वहिनी, तर्री शे का अजून?" आईनं मटकीची उसळ आणि वर लाल तर्री केलेली असायची. कुरियन काकांकडून रोसम्मा काकूंनी खोबरेल तेलात तळलेले केळ्याचे काप यायचे. सुरुवातीला त्या वासानं आईनं नाक मुरडलं होतं, पुढे डबा उघडला की पहिली मूठ तिचीच असे. आईचं माहेर मखमलाबादला, फुलांच्या मळ्यातलं. ती दाराशी झेंडूच्या माळा ओवत बसायची आणि चहाचे कप आत-बाहेर करायची. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "बावीस गडी एका चेंडूमागं पळत्यात. एकेकाला एकेक घेऊन द्या, मिटला तंटा." सगळे हसायचे. तीही हसायची.

विश्वचषकाचा शेवटचा सामना आपल्याकडे नेहमी नको त्या वेळी यायचा. मध्यरात्री सामना आणि सकाळी सातला पहिल्या पाळीचा भोंगा. त्यातून कुणी ना कुणी तिसऱ्या पाळीला अडकलेला. म्हणून या तिघांनी एक रीत पाडली होती. सामना आमच्या व्हीसीआरवर कॅसेटमध्ये भरून घ्यायचा आणि कारखान्याच्या सुटीच्या दिवशी, ती आमची मंगळवारी असे, दुपारी तिघांनी एकत्र बसून बघायचा. तोपर्यंत निकाल कुणी ऐकायचा नाही, वाचायचा नाही, विचारायचा नाही. सोमवारचं आणि मंगळवारचं वर्तमानपत्र घडी न मोडता गादीखाली जायचं. रेडिओवर उशी. पानाच्या टपरीवरून जायचं नाही, कारण तिथं चार रिकामटेकडे उभे असतात. आई याला सुतक म्हणायची. आता माझा मुलगा जेवता जेवता फोनकडे नजर टाकतो आणि युरोपातला गोल पडल्याबरोबर मला सांगतो. मी त्याला या सुतकाबद्दल सांगितलं तर तो मला वेड्यात काढतो.

पण खरी गंमत गोधडीची. टीव्ही चालू असल्याशिवाय कॅसेट भरत नाही, अशी या तिघांची ठाम समजूत होती. टीव्ही बंद केला तर कॅसेटवर नुसता काळोख येतो, हे खैरनार काकांनी कुठूनसं ऐकलं होतं आणि फोरमन आणि तपासनीस असलेल्या दोन शहाण्यांनी ते मान्य केलं होतं. टीव्ही बंद असला तरी ते यंत्र आपलं आपण चित्र ओढून घेतं, हे मला कितीतरी वर्षांनी एका दुरुस्तीवाल्यानं हसत हसत सांगितलं. तेव्हा मात्र आमच्याकडे टीव्ही चालू ठेवायचा, आवाज पूर्ण बंद करायचा आणि वरून आजीच्या लुगड्यांची जाड गोधडी टाकायची, ती व्हीसीआरसकट. शेजारी दोघांनी पहारा द्यायचा. दोघं अशासाठी की एकानं गोधडी उचलली तर दुसऱ्यानं बघावं. एक पिवळ्यांचा, एक त्यांच्या विरोधातला. सामना संपल्याचा अंदाज घेऊन गोधडीखाली नुसता हात घालायचा, कॅसेट काढायची, पत्र्याच्या डब्यात ठेवून डब्याला कुलूप लावायचं आणि किल्ली दुसऱ्या बाजूच्या माणसाकडे द्यायची. इतका बंदोबस्त मी पुढे कुठल्या बँकेतही पाहिला नाही.

त्या वर्षी बंदी असलेलं औषध घेतल्याच्या आरोपावरून बुटक्याला स्पर्धेतून मध्येच घरी जावं लागलं होतं. कुरियन काका म्हणत, हा कट आहे, वरून आलेला आहे. त्या महिन्यात त्यांचा पंचांवर, सामने भरवणाऱ्यांवर, अगदी चेंडूवरही विश्वास उरला नव्हता. शेवटचा सामना पिवळे विरुद्ध निळे असा ठरला. पिवळ्यांचं भलं होऊ नये म्हणून काका निळ्यांचे झाले. निळ्यांत एक शेंडीवाला होता. डोक्यामागे बारीक वेणी बांधायचा, एकट्यानं संघाला ओढत शेवटापर्यंत आणलं होतं. काकांनी रिकामी झालेली देव्हाऱ्यातली जागा त्याला दिली.

आणि नेमकी त्या रात्री काकांची आणि खैरनारांची, दोघांचीही तिसरी पाळी आली. पहाऱ्याला आप्पा एकटेच. आप्पांनी स्वतःहून सांगितलं, शेजारच्या कुणाला तरी बसवतो. तर काका म्हणाले, "विधाते, तुम्ही पास केलेला माल मी कधी परत मोजलाय का? तुमचा शब्द आहे. पुरे." हे आप्पांनी घरी येऊन दोनदा सांगितलं. त्या संध्याकाळी त्यांची छाती थोडी पुढे आली होती.

माझं मात्र त्या संध्याकाळी त्यांच्याशी भांडण झालं. नवी कॅसेट मिळाली नाही म्हणून त्यांनी माझ्या आत्याच्या लग्नाची कॅसेट घेतली. लग्न घोटीला झालं होतं आणि त्यात बँडसमोर मी नाचले होते. बारावी झालेली मुलगी मी, पण त्या कॅसेटसाठी लहान पोरीसारखी रडले. आप्पा म्हणाले, "लग्न एकदा झालं की झालं. ते काय पुसून मोडतंय का?" मी न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपले, त्याच खोलीत, गोधडी घातलेल्या टीव्हीपासून चार हातांवर.

सकाळी आप्पा गुणगुणत दाढी करत होते. पाळीच्या बदलाला गेटवर त्यांनी कुरियन काकांच्या हातात किल्ली दिली. पुढचं मला खैरनार काकांनी सांगितलं. रात्रभर उभं राहून काकांचे डोळे लाल झाले होते आणि आप्पा न्हाऊन-माखून ताजेतवाने. काकांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "विधाते, आज पैज लावू. पैशाची नको. ज्याची बाजू हरेल, त्यानं कॅन्टीनमध्ये उभं राहून सांगायचं, दुसऱ्याचा खेळाडू सगळ्यात मोठा. आणि पुढच्या विश्वचषकापर्यंत तोंड उघडायचं नाही." आप्पांनी आयुष्यात कधी पैज लावली नव्हती. मोजल्याशिवाय बोलणारा माणूस नव्हता तो. त्या सकाळी त्यांनी क्षणाचाही विचार न करता टाळी दिली.

तो सोमवार जाता जाईना. खैरनार काका कानात कापसाचे बोळे घालून फिरत होते. संध्याकाळी कुरियन काका उगाच आमच्याकडे येऊन गेले. साखर मागायला आलो म्हणाले. त्यांच्या घरी साखर संपल्याचं मला तरी आठवत नाही. ते आप्पांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि आप्पा त्यांच्याकडे. "तुम्ही फार खुशीत दिसताय," काका म्हणाले. "तुम्ही फार कष्टी दिसताय," आप्पा म्हणाले. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याला कळलंय.

मंगळवारी दुपारी सगळे जमले. कुलूप उघडलं. खोलीत तर्रीचा आणि खोबरेलाचा वास कोंदला होता. पडद्यावर परदेशातलं रणरणतं ऊन आणि त्यात पळणारी माणसं. सामना तसा रटाळ होता, पण या लोकांना कोण सांगणार? नव्वद मिनिटं गोल नाही. जादा अर्धा तास, तरी नाही. मध्येच आप्पा म्हणाले, आमचा जुना असता तर पहिल्या दहा मिनिटांत मिटवलं असतं. काका म्हणाले, न बघितलेला माणूस काहीही करू शकतो. आई चहा घेऊन आली आणि ट्रे हातात धरून दाराशीच थांबली, कारण आता पेनल्टी सुरू झाल्या होत्या. निळ्यांच्या कप्तानानं पहिलाच चेंडू गोलच्या आडव्या दांडीवरून मारला. पिवळ्यांचाही पहिला अडला. मग एकेक करत पिवळे पुढे गेले, आणि शेवटी पाळी आली शेंडीवाल्याची. त्यानं घातला तर निळे जिवंत, चुकला तर संपलं. तो लांबून चालत आला. चेंडू हातात घेतला, ठिपक्यावर ठेवला, चार पावलं मागे गेला. कुरियन काकांनी डोळे मिटून छातीवर क्रूस काढला.

आणि पडद्यावर माझी आत्या आली. हळद लागलेली, हिरवा चुडा, मागे बँड वाजतोय.

कुणालाच काही कळेना. खैरनार काका म्हणाले, "हाई काय शे?" आप्पांनी उठून बटणं दाबली, कॅसेट पुढे नेली, मागे आणली. लग्न, लग्न, आणि नुसतं लग्न. कॅसेट संपली नव्हती. कुणीतरी ती थांबवली होती, आणि नेमकी त्याच क्षणाला.

कुरियन काकांनी उठून टीव्ही बंद केला. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "विधाते, आवाज बंद होता. वर गोधडी होती. मग हा क्षण आलाय, हे कुणाला दिसलं?"

"मला माहीत नाही. मी बघितलं नाही."

"घरात पहाऱ्याला तुम्ही होता."

"मी बघितलं नाही, कुरियन."

खैरनार काकांनी सावरायचा प्रयत्न केला. लाईट गेली असेल, म्हणाले. पण शेजारी-पाजारी विचारलं तर त्या रात्री लाईट गेलीच नव्हती. खैरनारांचा साडू एकलहऱ्याला वीज केंद्रात होता, त्यालाही त्यांनी कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन लावला. तोही नाही म्हणाला. शेवटी गादीखालचं वर्तमानपत्र काढलं. शेंडीवाल्यानं चेंडू वरून मारला होता. पिवळे जिंकले होते. ते वाचून आप्पांच्या चेहऱ्यावर आनंदाची रेघ उमटली नाही, आणि नेमकं तेच काकांनी हेरलं. आनंद जुना झाल्यासारखा दिसतोय, म्हणाले. रात्री सामना बघितलात, माझा माणूस चुकणार हे कळल्यावर मला ते बघावं लागू नये म्हणून दया केलीत, आणि सकाळी त्याच तोंडानं पैज घेतलीत. केळ्याच्या कापांचा डबा तसाच टाकून ते निघून गेले.

बुधवारी जेवणाच्या सुटीत कुरियन काका कॅन्टीनमध्ये बाकावर उभे राहिले आणि शब्दाला जागले. "विधातेंचा पिवळा जगातला सगळ्यात मोठा खेळाडू आहे," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "आणि त्याच्याहून मोठे खेळाडू विधाते." लोक हसले. नेमकं काय झालं ते अर्ध्यांना माहीत नव्हतं, तरी हसले. त्या दिवसापासून आप्पांच्या टेबलावरून पास होऊन गेलेला माल कुरियन काकांच्या विभागात पुन्हा मोजला जाऊ लागला. दोष कधीच निघाला नाही. पण मोजणं थांबलं नाही.

आप्पा घरी काहीच बोलले नाहीत. नाताळचा केक यायचा बंद झाला, आमच्या फराळाचं ताट जायचं बंद झालं. रोसम्मा काकू भाजीबाजारात आईला भेटायच्या, दोघी भाव करायच्या आणि आपापल्या वाटेनं जायच्या. आप्पांनी फुटबॉलचं नाव काढणं सोडलं.

आणि मी? मला लाज वाटते, पण लिहायलाच बसले आहे तर लिहिते. माझाही आप्पांवरचा विश्वास उडाला. मी काकांपेक्षा वाईट, कारण काकांनी तोंडावर विचारलं, मी मनात खटला चालवला. रात्रभर जागणारा माणूस सकाळी गुणगुणत दाढी कसा करतो? पैज कधी न लावणारा त्या दिवशीच कसा लावतो? पुरावा सगळा त्यांच्या विरुद्ध होता. एकदा हा डाग दिसला की मग तो सगळीकडे दिसायला लागला. आप्पा म्हणाले, बोनस कमी मिळाला, की मी त्यांच्या खिशाकडे बघायची. माझ्यासाठी स्थळ आणलं, मुलगा निर्व्यसनी आहे म्हणाले, तर मी आईला बाजूला घेऊन विचारलं, हे खरं कशावरून? मुलगा खरंच निर्व्यसनी निघाला. गेली पंचवीस वर्षं त्याच्याशी संसार करतेय. आप्पांना माझी ती नजर कळत असणार. ज्यांचा जन्म फटी शोधण्यात गेला, त्यांना घरातली फट दिसणार नाही?

मधला एक विश्वचषक घरात कुणी न बघताच गेला. त्याच्या पुढचा आशियात होता आणि त्याचा शेवटचा सामना चक्क आपल्या दुपारी साडेचारला. कॅसेट नको, गोधडी नको, सुतक नको. मी बाळाला घेऊन माहेरी आले होते. कुरियन काका तोवर निवृत्त झाले होते, सामान बांधून झालं होतं आणि दोन दिवसांनी ते कायमचे कोट्टायमला निघणार होते. रविवारी सकाळी आप्पा पहिल्या पाळीला गेल्यावर आईनं लुगडं बदललं आणि म्हणाली, "शैले, पोराला घे. कुरियनभाऊंकडं जायचंय."

काकांचं घर रिकामं झालं होतं. चार खोकी आणि दोन खुर्च्या. रोसम्मा काकूंनी आईला खुर्ची दिली, पण ती बसली नाही.

"कुरियनभाऊ, ती कॅसेट मी थांबवली," आई म्हणाली.

काका कसंनुसं हसले. "वहिनी, नवऱ्यासाठी बायको काहीही बोलते. आमचीही बोलेल."

"नवऱ्यासाठी बोलायचं असतं तर आठ वर्सांपूर्वी बोलले असते. कॅसेट चालू केल्या केल्या ह्यांना झोप लागली. भिंतीला टेकून घोरत होते, सकाळपर्यंत. म्हणून तर सकाळी एवढे ताजे. मी उठले आन् गोधडीत डोकं घातलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला मी सामना."

"तुम्ही? तुम्ही तर म्हणायच्या, एकेकाला एकेक चेंडू द्या."

"म्हणायचे. आन् चा घेऊन आले की दाराशी उभी राहून बघायचे. तुमच्यातल्या एकानं तरी कधी सरकून जागा दिली का?"

काकांना अजून पटलेलं दिसत नव्हतं. आई मग पुढे झाली. "त्या शेंडीवाल्याची मांडी धरली होती. उजवी. अख्ख्या सामन्यात त्यानं तिच्यावर भार टाकला नाय. पळता पळता थांबायचा आन् हात मांडीवर जायचा. तुमी समदे त्याची शेंडी बघत बसले. आमच्या मळ्यात बैल जरा पाय राखून चालाया लागला की आधी मला कळायचं. तो चेंडूकडं चालत निघाला तवाच मी वळखलं, ह्याच्यानं आता होत नाय. मला बघवंना. टीव्ही बंद करावा म्हणून अंधारात हात घातला, तो त्या खालच्या कॅसेटच्या यंत्रावर पडला. खटकन वाजलं. मी पळाले आत."

कुरियन काका खोक्यावर बसले. डोळे मिटून त्यांनी बहुधा तो अख्खा सामना पुन्हा डोळ्यांपुढून नेला. मग उजव्या हातानं स्वतःची मांडी धरली. "वीस वर्षं खेळलो मी," ते बायकोकडे बघत म्हणाले. "वीस वर्षं. मला दिसलं नाही."

"आन् मला कुणी कधी इचारलं नाय म्हणून सांगते," आई म्हणाली, "सगळ्यात मोठा तोच. पाय चालत नव्हता, तरी चेंडू दुसऱ्याच्या हातात नाय दिला."

परत येताना मला राग आवरत नव्हता. "आप्पांना आठ वर्षं लोक खोटारडं समजले. तू गप्प कशी बसलीस?"

आई चालत राहिली. "पहिल्या दिशी सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. मला वाटलं दोन दिस भांडतील आन् येतील चहाला. मग महिना झाला. महिन्यानं सांगायचं म्हंजे महिन्याचं पाप. वर्सानं सांगायचं म्हंजे वर्साचं." थोड्या वेळानं म्हणाली, "आन् राग पन होता. तुमी समद्यांनी एकमेकांवर संशय घेतला. माझ्यावर कुणी घेतला नाय."

साडेतीनला आप्पा पाळीवरून आले. चारच्या सुमारास दाराशी काका-काकू उभे. मी बाळाला मांडीवर घेऊन खाटेवर बसले होते. आप्पा उठून उभे राहिले, पण त्यांना या म्हणायचं सुचलं नाही.

"विधाते," कुरियन काका उंबऱ्यावरूनच म्हणाले, "कॅसेट तुम्ही थांबवली नव्हती. कुणी थांबवली, ते मला आज कळलं."

आप्पांचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, आठ वर्षांचं सगळं आता बाहेर पडणार. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे होऊन माझ्या आणि दाराच्या मध्ये उभे राहिले.

"कुरियन, पोर होती हो ती," ते म्हणाले. "आत्याच्या लग्नाची कॅसेट होती. तिचा जीव तुटला असेल, उठून बटण दाबलं असेल. आता लेकुरवाळी आहे. तुम्हाला काय बोलायचंय ते मला बोला. इतकी वर्षं मीच ऐकलंय."

मला त्यांची पाठ दिसत होती, पाळीच्या शर्टावर घामाचा डाग पडलेली. त्या पाठीमागे मी आठ वर्षं सुखात बसले होते आणि तिच्यावरच संशय घेत होते.

"ती नव्हती," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "मी होते."

आप्पा तिच्याकडे बघतच राहिले. "तुला कुठं फुटबॉल कळतो?"

"विधाते, वहिनींना आपल्या दोघांपेक्षा जास्त कळतो," कुरियन काका म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, आत आले, टीव्हीसमोरची खुर्ची ओढून आईसाठी मोकळी केली आणि स्वतः खाली सतरंजीवर बसले. मग आप्पांचा हात धरून त्यांनाही खाली ओढलं आणि तो हात सोडलाच नाही. त्या दिवशी पिवळेच जिंकले. पुढचे दात पुढे आलेल्या एकानं दोन गोल घातले. आप्पा ओरडले नाहीत. दोघंही मध्ये मध्ये मागे वळून आईला विचारत होते, हा कसा आहे, तो कसा आहे, आणि आई खुर्चीत ताठ बसून सांगत होती.

कुरियन काका गावी गेले. दिवाळीला त्यांचं पत्र यायचं, त्यात अर्धं पान आईसाठी असायचं. त्यांना देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आप्पांना जाऊनही आता सहा वर्षं होतील.

त्या संध्याकाळी पाहुणे निघून गेल्यावर आप्पा माझ्याजवळ येऊन बसले होते. बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "सगळ्यांना वाटलं मी केलं. तुला तरी ठाऊक होतं ना गं, मी नव्हतो म्हणून?"

मी लगेच हो म्हणाले. आणि जन्मभर ज्यांनी काही मोजल्याशिवाय पास केलं नाही, त्या माझ्या बापानं ते तसंच खरं मानलं.